डाव्या चाकाविना यवतमाळात

नाशिकहून यवतमाळला जायचं म्हणजे रात्रभराची बस, नाहीतर धामणगावपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे एसटी. माझ्या धाकट्या भावाने, सतीशने, तिसरा मार्ग काढला. "ताई, सकाळी आठला निघू, दहाच्या आत पोचू. जेवायला कळंबला."

त्याचं स्वतःचं चार आसनांचं विमान आहे. ठिबकच्या नळ्यांचा कारखाना बरा चालतो, आणि ज्या वयात माणसं गुडघ्यांची काळजी करू लागतात त्या वयात ह्याने विमान चालवायचा परवाना काढला. मी दातांची डॉक्टर. यंत्रांची मला भीती नाही, पण ती माझ्या हातात असतील तर. त्याच्या विमानात मी त्याआधी एकदाच बसले होते आणि पूर्ण वेळ देवाचं नाव घेतलं होतं. ह्या वेळी नाही म्हणता येईना, कारण बोलावणं गजाननरावांचं होतं.

गजाननराव बावीस वर्षं सतीशच्या कारखान्यात फोरमन होते. तीन वर्षांपूर्वी ते यवतमाळजवळच्या कळंबला आपल्या वावरात, म्हणजे शेतात, परत गेले. त्यांच्या मुलीचं, रेणुकाचं, साक्षगंध होतं. आपल्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला तिकडे साक्षगंध म्हणतात. "साहेब, तुमी इमानानं या," असं त्यांनीच फोनवर म्हटलं होतं, "आमच्या सोयऱ्यायले बी पाहू द्या." सतीशला तेवढं पुरे होतं.

गुरुवार: यवतमाळच्या वर

वाटेतलं वर्णन करत बसत नाही. आठनंतर निघालो आणि पावणेदहाला सतीशने मान खाली करून दाखवलं, "ते बघ यवतमाळ." डिसेंबरातली सकाळ. सागाची पानं करपायला लागलेल्या टेकड्या, मधे काळी रानं, तूर पिवळी फुललेली, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांत बोंडं फुटून पांढरे ठिपके. मी फोटो काढत होते.

सतीशने चाकं सोडायचा दांडा खाली ओढला. पायाखाली घरघर सुरू झाली आणि ती थांबायच्या वेळी थांबली नाही. त्याने दांडा वर केला, परत खाली केला. समोरच्या फळीवर एक छोटा हिरवा दिवा असतो. तिन्ही चाकं पक्की बसली की तो लागतो. तो लागला नाही.

"दिवाच गेला असेल," मी म्हटलं.

"तुझ्या बाजूने खाली बघ. चाक दिसतंय?"

ह्या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खिडकीतून खालचं चाक दिसतं. माझ्या बाजूचं सरळ उभं होतं. त्याने आपल्या बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिला. मग मी त्याच्या खांद्यावरून वाकले. डावा पाय मागे वळून लोंबत होता, मोडलेल्या पायासारखा, आणि वाऱ्याने थरथरत होता. त्यावरून तांबडं काहीतरी ओघळत होतं. माझ्या तोंडून "रक्त" असंच निघालं.

"तेल आहे," सतीश म्हणाला. "ताई, गजाननरावांना फोन लाव. मी रेडिओवर बोलतोय."

गजाननराव धावपट्टीच्या फाटकाशी आम्हाला घ्यायला येऊन थांबले होते. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. "ताई! दिसून राह्यलं तुमचं इमान!" त्यांचा आवाज आनंदी होता.

"गजाननराव, आम्ही खालून जातोय. आमची चाकं बघून सांगा."

सतीशने धावपट्टीवरून अगदी खालून विमान काढलं.  मग ते म्हणाले, आणि आता आवाज अगदी वेगळा होता, "दोन बराबर हायेत, ताई. डावं लटकून राह्यलं. साहेबाले सांगा, टेकवू नोका अजून."

सतीशने मला दोन आसनांमधलं जमिनीवरचं झाकण काढायला लावलं. खाली आणीबाणीचा हातपंप होता. त्याची दांडी ओढून लांब करायची आणि हापसा मारायचा. "जड लागेपर्यंत मार. जड लागलं की चाक बसलं." मी मारत राहिले. वीस झाले, तीस झाले. जड लागायच्या ऐवजी दांडी हलकी होत गेली. आटलेल्या विहिरीवरचा हापसा हातात कसा सैल होतो, तसं. चाळिसाव्या झटक्याला माझ्या उजव्या मनगटात कळ गेली. ह्या हाताने मी पोट भरते, तरी मला त्या क्षणी हाताचं काही वाटलं नाही.

"सोड," सतीश म्हणाला. "तेल संपलं. आता चाकं वरही घेता येणार नाहीत."

वर घेता आली असती तर पोटावर उतरता आलं असतं, ते सोपं, असं त्याने सांगितलं. आता दोन चाकांवरच टेकायचं होतं. मी विचारलं, नागपूर? तिथे मोठी धावपट्टी आहे, बंब आहेत.

"इंधन पाऊण तासाचं आहे. नागपूर अर्ध्या तासाहून जास्त. तिथे जाऊन थांबावं लागलं तर हातात काही उरणार नाही. इथेच."

रेडिओवर नागपूरने ऐकून घेतलं आणि यवतमाळला कळवलं. शहरातून अग्निशमनाची गाडी निघाली. ती येईपर्यंत आणि इंधन कमी होईपर्यंत आम्ही घिरट्या घालत होतो. अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचं मला काय काय आठवतं! एका वावरात कापूस वेचणाऱ्या बायका, प्रत्येक घिरटीला मान वर करून बघणाऱ्या. मला वाटत होतं, ह्यांना हात करावा. माझ्या मुलीला फोन करावा असं दहा वेळा मनात आलं, आणि दहा वेळा वाटलं, केला तर खरंच काहीतरी होईल. मी दवाखान्यात पेशंटला सांगते, नाकाने श्वास घ्या, जबडा सैल सोडा. माझा जबडा इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी भाकर चावता आली नाही.

सतीश एकदाच माझ्याकडे वळला. "ताई, मी तुला आणायला नको होतं."

"आता काय बोलतोस," मी म्हटलं. मला वाटलं, त्याची माया बोलतेय.

शेवटी त्याने सांगितलं, तुझ्या बाजूचं दार थोडं उघड आणि फटीत तुझी चप्पल अडकव. सांगाडा पिळला तर दार अडकतं. चष्मा काढ. शाल दुमडून चेहऱ्यासमोर धर. मी एक चप्पल दारात घातली, दुसरी पायात राहिली, आणि हे किती वेडगळ दिसेल असा विचारही मनात येऊन गेला.

मग आम्ही उतरलो. उजवं चाक टेकलं, पुढचं टेकलं, आणि सतीश विमान उजवीकडे कलतं धरून डावी बाजू हवेत ठेवत गेला. क्षणभर वाटलं, हे असंच थांबेल. मग वेग कमी झाला आणि डावी बाजू खाली बसली. पत्र्यावर दगड घासल्याचा आवाज, तो इतका मोठा की मला मी ओरडले ते ऐकू आलं नाही. विमान डावीकडे गरगरलं, पट्टी सोडून गवतात शिरलं, आणि धूळ इतकी उठली की मला वाटलं धूर.

सगळं थांबल्यावर आम्ही तिरके लटकलो होतो. पट्टा निघेना. बाहेरून कोणीतरी दार ओढलं. डोक्याला ओढणी बांधलेली, कपाळावर घामाच्या रेषा, हातात मोठ्या बांगड्या. "चाल, याडी, चाल!" तिने माझ्या काखेत हात घातला आणि मला ओढून काढलं. याडी म्हणजे आई. ही सीताबाई, जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. कुंपणापलीकडच्या वावरात ती कापूस वेचत होती आणि कुंपणाच्या तुटक्या तारेखालून सगळ्यांच्या आधी आत पळत आली होती. पोटाशी बांधलेल्या ओट्यात वेचलेला कापूस तसाच होता. माझ्या कपाळावर ओरखडा आला होता, त्यावर तिने त्यातलाच एक पुंजका दाबून धरला.

"फुटेल का हे?" मी विचारलं. मला विमान म्हणायचं होतं.

"मले काय मालूम! पण तू चाल ना बाप्पा!"

बंबवाल्यांनी पांढरा फेस मारला. आग लागली नाही. सतीश दुसऱ्या बाजूने कसा उतरला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा गजाननराव त्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

गुरुवार, दुपारनंतर: कळंब

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात माझ्या मनगटाचा फोटो काढला. हाड शाबूत, स्नायू ताणलेला. पट्टी बांधून आम्ही गजाननरावांच्या जीपने कळंबला निघालो.  गाडीच्या चाकांचा आवाज मी ऐकत होते, चारही वेगवेगळे.

गजाननरावांच्या पत्नी, कुसुमताई, अंगणात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला उभ्या होत्या. घरात पाहुणे भरलेले. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं ऐकायचं होतं आणि सतीश सांगत होता. तिसऱ्या वेळेपर्यंत तो चांगलं सांगायला लागला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"ताई, सांबार निवडता का थोडा?" कुसुमताईंनी विचारलं. मला वाटलं, सांबार कसा निवडणार, तो तर उकळतात. त्यांनी कोथिंबिरीची जुडी पुढे केली तेव्हा कळलं, तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं आणि ते आवरेना.  त्यांनी जुडी परत घेतली, माझ्यासमोर गोळाभाताचं, म्हणजे डाळीचे गोळे घातलेल्या भाताचं, ताट ठेवलं, वरून फोडणीचं तेल ओतलं आणि जबड्यावरचा माझा हात बघून म्हणाल्या, "हे चावा लागत नाही. खा."

संध्याकाळी चिंतामणी गणपतीच्या देवळात गेलो. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं असतं. मी तीन पायऱ्या उतरले आणि पाय पुढे होईना. खाली उतरायची भीती, एवढंच. गजाननराव मागे होते. ते म्हणाले, "राहू द्या, ताई. इथूनच हात जोडा. थो काही रागवत नाही."

शुक्रवार: साक्षगंध

कार्यक्रम अकराला होता. त्याआधी सतीशने मला मागच्या अंगणात बोलावलं. धावपट्टीवरून फोन आला होता. शनिवारी सकाळी चौकशी अधिकारी येणार होते. दोघांचे जबाब घेणार होते.

"ताई, तुला विचारलं तर सांग, आधी काही लक्षण नव्हतं."

"नव्हतंच ना?"

तो तुरीच्या काड्यांचा ढीग बघत राहिला. मग सगळं बाहेर आलं. पंधरा दिवसांपूर्वी दिवा दोनदा उशिरा लागला होता. त्याने मेकॅनिकला दाखवलं होतं. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं होतं की डाव्या पायाचा सांधा गेलाय, तेल झिरपतंय, भाग बदलेपर्यंत उडवू नका. भाग यायला महिना लागणार होता. "एकच फेरी होती, ताई. जाऊन यायचं. गजाननरावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

 आकाशात होते तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. वर असताना आम्ही दोघं एका बाजूला होतो आणि संकट दुसऱ्या बाजूला. आता तसं राहिलं नव्हतं.

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं.

"परवाना जाईल माझा."

"जाऊ दे."

"ताई, कोणी मेलेलं नाही."

मी मांडवाकडे निघाले. तिथे थांबून उत्तर दिलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

साक्षगंध छान झालं असं सगळे म्हणाले. रेणुकाने पिस्त्याच्या रंगाची साडी नेसली होती, नवऱ्यामुलाच्या कपाळावर कुंकू लावताना तिचा हात स्थिर होता. आलूची भाजी, वांगं, पुऱ्या, बुंदी. आमच्याकडे पाहुण्यांना आग्रह करतात. तिथे आग्रह करतच नाहीत, विचारायच्या आधी वाढून टाकतात. मी सतीशपासून दूर, बायकांच्या पंगतीत बसले होते, पण कान त्याच्याकडे होते. गजाननराव मुलाकडच्या मंडळींशी त्याची ओळख करून देत होते.

"हे आमचे साहेब. कारखान्यात एका रात्री मोठ्या मशीनमंदी बारीक आवाज येऊन राह्यला होता. मी साहेबाले सांगतलं. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता, लय मोठी ऑर्डर होती. साहेबानं इचारलं बी नाही, मशीन बंद केली. उघडली त आतला दांडा चिरलेला. चालू ठेवली असती त माझा हात गेला असता नाही त मी. बावीस वर्सं म्या त्याइच्याजवळ काहून काढले, त याच्यासाठी."

मंडळी वाहवा करत होती. सतीशच्या हातातली बुंदीची वाटी तशीच होती. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी पहिल्यांदा नजर वळवली नाही.

 विमानाची गोष्ट सांगा म्हणून दोघे-तिघे आले, त्यांना त्याने डोकं दुखतंय म्हणून परत पाठवलं. मला भीती होती ती ह्याची, की त्याला आता फक्त वाईट वाटेल आणि सकाळी तो तेच खोटं बोलेल. माणसाला वाईट वाटलं म्हणजे तो खरं बोलतोच असं नाही. मी बत्तीस वर्षं पेशंट पाहतेय.

शनिवार: धावपट्टी

विमान गवतात तसंच होतं, डावा पंख टेकवून. दोरी बांधून माणसं दूर ठेवली होती, तरी कुंपणापलीकडे सत्तरेक लोक आले होते, चहाची एक गाडी लागली होती. सीताबाईही होती, कापूस वेचता वेचता बघत. मी हात केला, तिने कापसाने भरलेली मूठ वर केली.

अधिकारी मध्यमवयीन, हळू बोलणारे गृहस्थ. तिथल्या ऑफिसात एका टेबलाशी त्यांनी आम्हाला बसवलं. गजाननराव उठून जायला लागले, कारण त्यांना खालून काय दिसलं ते सांगून झालं होतं. सतीश म्हणाला, "थांबा, गजाननराव. बसा."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ह्याआधी चाकांच्या यंत्रणेत काही बिघाड जाणवला होता का?"

टेबलाखाली माझी बोटं एकमेकांत अडकली होती, पट्टीच्या हाताची दुखत होती. मी मनात ठरवलं, तीन आकडे मोजायचे आणि मग मी बोलायचं. मी दोनपर्यंत गेले.

"हो," सतीश म्हणाला. "दोनदा. मेकॅनिकने उडवू नका म्हणून सांगितलं होतं. तरी मी उडवलं."

अधिकाऱ्यांनी मान वर केली नाही. लिहीत राहिले. "सोबतच्या प्रवाशाला ह्याची कल्पना दिली होती?"

"नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गजाननराव उभे राहिले होते. ते बसक्या आवाजात म्हणाले, "मंग ताईले कायले बसवलं साहेब तुमी?"

  गजाननराव बाहेर गेले आणि विमानाकडे पाठ करून कुंपणाशी उभे राहिले. अधिकाऱ्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले, हापसा कितीदा मारला, दार केव्हा उघडलं. मी सांगितलं. माझा जबाब अर्ध्या पानात संपला.

परत कळंबला जाताना जीप गजाननरावच चालवत होते. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, सतीशला मागे.

रविवार: परतताना

विमानाचे पंख सोडवून ते पुढच्या आठवड्यात ट्रकवर घालून न्यायचं ठरलं. आम्ही एसटीने धामणगावला आणि तिथून रेल्वेने निघालो. गजाननराव कळंबच्या स्टँडवर सोडायला आले. आमच्या पिशव्या त्यांनी स्वतः वर चढवल्या. कुसुमताईंनी दिलेला तुरीच्या शेंगांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. खिडकीशी येऊन ते मला म्हणाले, "ताई, पोचल्यावर फोन करजा." सतीशशी ते बोलले नाहीत. सतीशने हात जोडले. त्यांनीही जोडले, सवयीने.

बस निघाली. प्रत्येक थांब्यावर ब्रेक लागला की मी समोरची दांडी पकडत होते. सतीश म्हणाला, "ताई, तू तरी बोल."

"मला राग आहे," मी म्हटलं. "तो इतक्यात जाणार नाही. पण काल तू आधी बोललास, मला बोलायला लावलं नाहीस. ते मी विसरणार नाही."

एवढ्यावर आम्ही धामणगाव गाठलं.

नाशिकला सोमवारी सकाळी उतरलो. सतीश माझ्या घरापर्यंत आला. मी चहा टाकला, फोन काढला आणि गजाननरावांचा नंबर शोधून फोन त्याच्यासमोर ठेवला. "तू कर."

 हात घाण झालेला माणूस ठेवतो तसे त्याचे हात मांडीवर उलटे पडले होते. मग त्याने बटण दाबलं. शांत घरात पलीकडची घंटी मलाही ऐकू येत होती. चार वाजल्या, पाच वाजल्या, मला वाटलं आता नाही उचलत.

"हॅलो, गजाननराव. सतीश बोलतोय. पोचलो आम्ही."

 पलीकडे दूर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली.

मग गजाननरावांचा आवाज आला. "जेवले का, साहेब?"